हिरवा ठिपका आणि आपण : स्वतःच्या कामावर स्वतःच ठेवलेली पाळत

कुर्ला_पूर्व :

कार्यालयातील संगणकावरून कर्मचाऱ्यांवर ठेवल्या जाणाऱ्या पाळतीची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते, पण ती बहुतेक वेळा मालक आणि नोकर या दोन पक्षांपुरतीच राहते. मला या धाग्यात थोडे वेगळे मांडायचे आहे. वर कोणी बघत असो वा नसो, आपण स्वतःवर जी नजर ठेवू लागलो आहोत, तिचे माप आपल्याला यंत्राने दिलेले आहे आणि ते आपण फारशी घासाघीस न करता स्वीकारले आहे, असे माझे निरीक्षण आहे.

मी वांद्रे-कुर्ला संकुलातील एका वित्तसंस्थेत उद्योगक्षेत्रांवरील टिपणे तयार करते. आमच्याकडे निरोप आणि बैठकांसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स ही प्रणाली वापरली जाते. त्यात संगणकावर पाच मिनिटे काही हालचाल झाली नाही, तर नावापुढचा हिरवा ठिपका आपोआप पिवळा होतो. हा ठिपका वार्षिक मूल्यमापनात धरला जात नाही, असे आमच्या कार्यालयाने लेखी कळवलेले आहे आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. तरीही आमच्या विभागातील माणसे एखाद्या कंपनीचा छापील अहवाल वाचताना एक हात माउसवर ठेवून असतात. कागदावर जे अधिक नीट वाचून होते ते पडद्यावरच वाचायचे, बैठकीची टिपणे वहीत न घेता संगणकातच घ्यायची, असे बदल कोणी न सांगता झालेले आहेत. वरिष्ठांच्या धाकाने हे होते असे म्हणावे, तर ज्या दिवशी वरिष्ठ रजेवर असतात त्या दिवशीही हात माउसवरच असतो.

पीटर ड्रकर यांनी ज्ञानाधिष्ठित कामाविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली होती. यंत्रावरच्या कामगाराला काय करायचे ते ठरवून दिलेले असते, डोक्याने काम करणाऱ्याला मात्र आपले नेमके काम कोणते हेच आधी ठरवावे लागते. म्हणजे आज दिवसभरात आपल्या हातून काही झाले की नाही, हे तपासणे हा अशा माणसाच्या कामाचाच भाग आहे. ही तपासणी फार त्रासदायक असते. तीन दिवस आकडेवारी चाळल्यानंतर ‘या उद्योगाविषयी आपण जे धरून चाललो होतो ते टिकत नाही’ एवढेच हाती लागले, तर ते काम झाले की वेळ गेला, याचे उत्तर सोपे नसते. अशा वेळी पडद्यावर एखादा आकडा, एखादा आलेख, एखादा हिरवा ठिपका आयता मिळाला, की मन तिकडे वळते. यंत्र आपल्यावर लादले गेले म्हणण्यापेक्षा, स्वतःचे मूल्यमापन करण्याचे अवघड ओझे त्याने उचलून घेतले असे म्हणणे अधिक खरे ठरेल. अडचण अशी, की यंत्र जे स्वस्तात मोजू शकते तेच मोजते. कळ दाबली गेली, फाइल उघडली गेली, निरोपाला उत्तर गेले, हे त्याला कळते. विचार बदलला हे त्याला कळत नाही, आणि काही वर्षांनी ते आपल्यालाही कळेनासे होते.

आपापल्या क्षेत्रात ही मापे कोणती आहेत, ती कुठून आली आणि त्यांनी आपल्या कामाचा आकार कसा बदलला, हे जाणून घ्यायला आवडेल.

ऐरोलीकर :

संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांच्या जगात या मापाचे एक प्रसिद्ध रूप आहे. गिटहब या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या पानावर वर्षभरातील दिवसांची एक जाळी दिसते. ज्या दिवशी आपण काही कोड नोंदवला, त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. पूर्वी त्याखाली सलग किती दिवस नोंद केली तेही दाखवले जात असे. लोक ती साखळी तुटू नये म्हणून रविवारी, प्रवासात, घरात लग्नकार्य असतानाही काहीतरी किरकोळ बदल नोंदवू लागले. २०१६ मध्ये गिटहबने ही सलग दिवसांची गणना काढून टाकली. हिरवे चौकोन मात्र आजही आहेत, आणि मुलाखतीला येणारी मुले ते अभिमानाने दाखवतात.

नोकरीतले माप याहून बारीक आहे. आमचे प्रत्येक काम ‘तिकीट’ म्हणून नोंदवले जाते, आणि पंधरवड्यात किती तिकिटे बंद झाली हे सर्वांना दिसते. त्यामुळे एकसंध काम पाच तुकड्यांत फोडून पाच तिकिटे करणे हे कौशल्य नवा माणूस पहिल्या काही महिन्यांतच शिकतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे म्हटले, त्याचा प्रचलित आशय असा, की एखादे माप उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. हे वाक्य आमच्या क्षेत्रात सर्वांना पाठ असते आणि तरीही सर्व जण तिकिटे फोडत असतात.

माझ्या मते प्रणालीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी काम म्हणजे निरुपयोगी झालेला जुना कोड समजून घेऊन काढून टाकणे. त्यासाठी आठवडाभर वाचावे लागते आणि शेवटी नोंद होते ती ओळी कमी झाल्याची. हे काम कोणी मागून घेत नाही. वरिष्ठ ओरडतील म्हणून नव्हे, तर त्या आठवड्याच्या शेवटी आपले आपल्यालाच काही केल्यासारखे वाटत नाही म्हणून. कुर्ला_पूर्व यांचा मुद्दा मला इथे पटतो.

मनुष्यबळ_पवई :

मी मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे माझे मत येथे अल्पमतात राहील याची कल्पना आहे. तरीही मापाआधीची परिस्थिती काय होती, हे कोणीतरी सांगायला हवे.

आकडे नव्हते तेव्हा मूल्यमापन होत नव्हते असे नाही. साहेबांच्या केबिनसमोर जो बसतो, साहेब निघेपर्यंत जो थांबतो, त्यांच्याबरोबर जो चहाला जातो, तो मेहनती ठरत असे. सहा वाजून काही मिनिटांची बदलापूर लोकल गाठण्यासाठी उठणारी बाई कामात मन नसलेली ठरत असे, मग तिने दिवसभरात कितीही प्रकरणे निकाली काढलेली असोत. अशा अनेक जणींच्या पदोन्नतीच्या वेळी नोंदींनीच त्यांची बाजू मांडलेली मी पाहिली आहे. यंत्राचे माप अपुरे आहे हे मान्य, पण ते निदान कोणाच्या बोलण्यावर भाळत नाही.

दुसरे असे, की सगळ्या कंपन्या व्यक्तिगणिक आकडे पाहत बसतात हेही खरे नाही. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आणली, त्यात कोणी किती ईमेल पाठवले, किती दिवस कोणते साधन वापरले, हे व्यक्तीच्या नावासह पाहता येत होते. त्यावर मोठी टीका झाली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला कंपनीने नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. म्हणजे लोकांनी आक्षेप घेतला तर मापे बदलतात.

फोर्टमधील_वकील :

आमच्या व्यवसायात ही गोष्ट संगणकाहून जुनी आहे. तासावर शुल्क आकारणाऱ्या विधी संस्थांत तासाचे दहा भाग करतात, म्हणजे सहा मिनिटांचा एक भाग. प्रत्येक भाग कोणत्या अशिलाच्या कोणत्या प्रकरणावर गेला हे लिहायचे. पूर्वी हे संध्याकाळी आठवून, थोडेफार अंदाजाने लिहिले जाई. आता पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळच चालू असते.

या सवयीचा परिणाम असा झाला, की कोणत्याही अशिलाच्या खात्यावर न पडणारे वाचन मला वाचन वाटेनासे झाले. उच्च न्यायालयाचा एखादा निकाल निव्वळ कुतूहलाने वाचत असताना मनात प्रश्न येतो, की हे कोणाच्या नावावर टाकायचे? माझ्या वरिष्ठांनी असे वाचन करूनच कायदा शिकला आणि ते मला तसे करण्यास सांगतातही. त्या सांगण्याच्या आड येणारे घड्याळ माझ्याच डोक्यात आहे.

मनुष्यबळ_पवई यांच्या पहिल्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे. आमच्याकडेही टाइमशीटमुळे कनिष्ठांचे श्रम प्रथमच दिसू लागले. परंतु त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणेन, की नावे काढून टाकली तरी माप तेच राहिले.

डिलाईल_रोड :

मी निवृत्त आहे आणि टीम्स वगैरे वापरलेले नाही, पण मापाच्या भांडणाचा मुंबईला जुना अनुभव आहे म्हणून लिहितो.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने स्टॉपवॉच लावून कामगाराच्या हालचाली मोजण्याचे शास्त्र मांडले, त्याचे मुख्य पुस्तक १९११ चे. त्या विचाराचे वारे गिरणगावात पोहोचले ते ‘रॅशनलायझेशन’च्या नावाने. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन किंवा चार माग सांभाळावेत, कताई खात्यात एकाने सूतकताई यंत्राच्या जास्त बाजू पाहाव्यात, अशी योजना काही गिरण्यांनी सुरू केली. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, त्यामागे वेतनकपातीइतकेच हेही कारण होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली.

आमच्या चाळीत माझ्या आजोबांच्या पिढीची माणसे त्या संपाविषयी बोलत, तेव्हा माग किती, बाजू किती, हे आकडे त्यांच्या तोंडी असत. हे माप मालकाचे आहे आणि आपले नाही, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. तीन माग चालवता आले नाहीत म्हणून कोणी विणकर रात्री झोपताना स्वतःला आळशी म्हणत नसे. तो जॉबरला, म्हणजे कामगार भरती करून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाला, शिव्या देई. सर्वांना लागू असलेले माप एकच होते, ते खात्यात उघड दिसत होते, म्हणून त्याविरुद्ध एकत्र उभे राहता आले. तुमचे माप प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळे दिसते आणि ते पाहून प्रत्येक जण एकटाच खजील होतो. अशा मापाविरुद्ध संप कसा करणार? आज लोअर परळला ज्या आवारांत तुमची काचेची कार्यालये आहेत त्यांतली काही त्याच गिरण्यांची आहेत, हे जाता जाता नमूद करतो.

मालाड_माइंडस्पेस :

एक उपाय लोकांनी शोधलेला आहे. माउस आपोआप हलवणारे उपकरण बाजारात सहज मिळते. अर्थात ते सुरक्षित नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने कळफलकावरील हालचालींचा बनाव केल्यावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याच्या बातम्या आल्या होत्या.

बाकी, कोणी पाहत आहे असे वाटले की काम वाढते, हे हॉथॉर्नच्या प्रयोगांनी फार पूर्वीच सिद्ध केलेले आहे, तेव्हा यात नवीन काय?

ऐरोलीकर :

हॉथॉर्नविषयी थोडी दुरुस्ती. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात ते प्रयोग झाले हे खरे, पण पुढे त्यांतील जुन्या आकडेवारीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो तितका ठळक परिणाम तिच्यात आढळला नाही. शिवाय तिथे रिले जुळवणाऱ्या कामगार होत्या आणि किती नग झाले ते मोजता येत होते. आपल्याकडे ‘वाढले’ म्हणजे नेमके काय वाढले हाच प्रश्न आहे.

माउस हलवणाऱ्या उपकरणाला मी उपाय म्हणणार नाही. ते वापरणारा माणूस माप मान्य करूनच फसवत असतो.

शब्दवेल :

मी डोंबिवलीहून स्वतंत्रपणे भाषांतराचे काम करते. माझ्यावर कोणी वरिष्ठ नाही, म्हणून मला या चर्चेत एक वेगळा धागा जोडावासा वाटतो. स्वतःच्या कामाची नोंद ठेवणे मुळात वाईट आहे असा सूर वरच्या काही प्रतिसादांत उमटतो, तो मला मान्य नाही. स्वतंत्र व्यावसायिकाने हिशेब ठेवला नाही, तर महिन्याच्या शेवटी भाडे निघत नाही. फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून पंचवीस मिनिटे एकाग्रतेने काम करण्याची जी रीत काढली, ती मी वापरते आणि तिचा मला उपयोग होतो. मात्र त्या पंचवीस मिनिटांत किती शब्द झाले हे मी लिहीत नाही. कोणता परिच्छेद आता हलवायची गरज नाही, एवढेच वहीत लिहिते. कायद्याच्या मसुद्यात एका दिवशी एकच परिच्छेद बसतो, माहितीपत्रकात दहा बसतात, आणि दोन्ही दिवस माझ्या वहीत सारखेच चांगले असतात.

याउलट, परदेशी कामे मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तासाच्या दराने काम करताना काय होते ते सांगते. तिथली प्रणाली दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा, नेमकी कधी ते न सांगता, आपल्या पडद्याचे छायाचित्र घेते आणि किती कळा दाबल्या गेल्या तेही नोंदवते. ते चित्र ग्राहकाला दिसते. आपल्याला नको असलेले चित्र काढून टाकण्याची मुभा आहे, पण मग त्या दहा मिनिटांचे पैसे मिळत नाहीत. शब्दकोशाचा जाड खंड मांडीवर घेऊन एखादी संज्ञा शोधत बसले, तर पडदा स्थिर राहतो आणि कळांची संख्या शून्य दिसते. म्हणून तिथे काम करताना मी संज्ञा आधी शोधून ठेवते, म्हणजे तो वेळ माझ्या पदरचा जातो, आणि घड्याळ लावल्यावर फक्त टंकलेखन करते. ग्राहकाला माझी गती फार चांगली वाटते. भाषांतरातले खरे श्रम ज्यात आहेत तो भाग त्याला कधी दिसतच नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तो तेवढ्याच कामाला कमी तास देऊ करतो.

माणूस तीच, कामही तेच. वहीतले माप मी ठरवले, ते मी बदलू शकते आणि ती वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. संकेतस्थळाच्या मापाबाबत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही.

कुर्ला_पूर्व :

सर्वांचे आभार. शब्दवेल यांच्या उदाहरणाने माझ्या मूळ मांडणीत एक आवश्यक भर पडली. मी यंत्र काय मोजू शकते यावर भर दिला होता, पण वहीसुद्धा शेवटी एक तंत्रच आहे, आणि नोंदीची मालकी कोणाकडे यावर बरेच अवलंबून असते. आपणच घेतलेल्या साधनांतही हे तपासून पाहावे. मनगटावरचे घड्याळ दिवसाला १०,००० पावलांचा आग्रह धरते, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. कोणा वैद्याने तो संशोधन करून ठरवलेला नव्हता, तरी तो पूर्ण करण्यासाठी लोक रात्री जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या मारतात. तिथे तर मालकही नसतो.

डिलाईल_रोड काका, तुमचा मुद्दा दोन दिवस मनात घोळतो आहे. माप प्रत्येकाला एकट्याला दिसते, म्हणून त्यावर एकत्र बोलता येत नाही, हे खरे आहे. आमच्या विभागात निदान एवढे करता येईल, की कोणकोणत्या नोंदी होतात, त्या कोणाला दिसतात आणि किती दिवस ठेवल्या जातात, हे सर्वांच्या वतीने विचारावे. वकीलसाहेब, नव्या विदासंरक्षण (विदा म्हणजे डेटा) कायद्याखाली आपल्याला ही माहिती हक्काने मागता येते का?

फोर्टमधील_वकील :

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला. परंतु नोकरदारांनी त्याच्या कलम ७ कडे नीट पाहावे. नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच व्यापारगुपिते राखणे किंवा मालकाचे नुकसान टाळणे यांसाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याची विदा वापरता येते, असे त्यात म्हटले आहे. आपली कोणती विदा कशी वापरली जाते हे विचारण्याचा हक्क कलम ११ मध्ये आहे, मात्र तो जिथे विदा संमतीने दिली गेली आहे तेवढ्यापुरता मांडलेला आहे. दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर मालकाने कलम ७ च्या आधारे गोळा केलेल्या नोंदींबाबत तो हक्क सांगणे कठीण आहे. कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा यासाठी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झालेला नाही, आणि तसेही ते वेळेविषयी आहे, नोंदींविषयी नाही.

म्हणून सध्या तरी कायद्याचा हवाला न देता, कंपनीच्या स्वतःच्या धोरणाचा आधार घेऊन विचारणे अधिक उपयोगाचे. बहुतेक मोठ्या संस्थांचे संगणकवापराचे लेखी धोरण असते आणि रुजू होताना आपण त्यावर सही केलेली असते. ते काढून वाचावे.

मनुष्यबळ_पवई :

वकीलसाहेबांनी सांगितलेला मार्ग बरोबर आहे. त्यात दुसऱ्या बाजूने थोडी भर घालते. ‘आमच्यावर पाळत ठेवता का’ असे विचारले, तर उत्तर विधी विभागाकडे जाते आणि तिथून दोन ओळींचा मोघम मजकूर येतो. त्याऐवजी ‘मूल्यमापनाच्या वेळी कोणत्या नोंदी व्यवस्थापकाच्या पडद्यावर येतात, त्याचा नमुना दाखवावा’ असे विचारा, कारण तो पडदा आमच्याकडे तयार असतो आणि तो दाखवायला विशेष परवानगी लागत नाही. विचारायचेच असेल तर मार्चअखेरच्या धावपळीपूर्वी विचारा. आणखी एक गोष्ट, व्यवस्थापकाच्या पडद्यावर ‘गुणात्मक अभिप्राय’ असा एक रकाना असतो. तो रिकामा राहिला की शेजारच्या आकड्यांचे वजन आपोआप वाढते. तुमच्या विभागातील लोकांनी दर तिमाहीला आपल्या वाचनातून काय बदलले, कोणते गृहीतक सोडून दिले, हे चार ओळींत व्यवस्थापकाला लिहून पाठवले, तर तो रकाना भरण्याजोगे काहीतरी त्याच्या हातात असेल. आमच्याकडे एका विभागाने हे सुरू केले आहे आणि व्यवस्थापक तो मजकूर बहुधा जसाच्या तसा चिकटवतात.

कुर्ला_पूर्व :

नमुना मागण्याची सूचना उत्तम आहे. विभागातील सहकाऱ्यांशी बोलून एकत्रित अर्ज तयार करते आणि मसुदा येथे टाकते. शब्दवेल, तुमच्या वहीचा एक रकाना त्या चार ओळींसाठी उसना घेत आहे.

शब्दवेल :

अवश्य घ्या. फक्त तो रकाना व्यवस्थापकांकडे जाणार असेल, तर तुमची स्वतःची वही वेगळी ठेवा.